स्वस्त आणि टिकाऊ अवजारांचे निर्माते : लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या ग्वाल्हेर शहरात दर हिवाळ्यात भरणारा व्यापारमेळा कोणास ठाऊक नाही? श्रीमंत माधवराव महाराज शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा आरंभी मुख्यत्वे गुरांचा होता. पुढे त्याचा पसारा वाढत गेला आणि घरोघरीची माणसे वर्षभराच्या खरेदीसाठी त्याची वाट पाहू लागली. तेथे हातोडी, पकड, पटाशी, करवत किंवा पान्हा विकत घेणाऱ्या माणसाकडे आपण लक्षपूर्वक पाहिले, तर त्याच्या मुद्रेवर एकच प्रश्न उमटलेला दिसेल. स्वस्त घ्यावे की चांगले घ्यावे? महाग वस्तू घेणारा एकदाच रडतो आणि स्वस्त घेणारा वारंवार रडतो, अशा अर्थाची एक हिंदी म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. परंतु ज्याच्या खिशात एकदा रडण्यापुरतेही पैसे नाहीत, त्याने काय करावे? सुताराला करवत हवीच, शेतकऱ्याला नांगर हवाच आणि गृहस्थाला घरातील मोडलेला पाट सांधण्यासाठी हातोडी हवीच. अशा माणसाला परवडेल आणि तरीही दगा देणार नाही, असे अवजार घडविणे हे ज्यांनी आपले जीवितकार्य मानले, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र म्हणूनच आपण विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासिले पाहिजे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या लहानशा गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे आणि याच कुळातले. एकाच घराण्यातील एका पुरुषाने महाराष्ट्राला नाट्यसंगीत दिले आणि दुसऱ्याने नांगर दिला, हा योग मोठा मौजेचा आहे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. अशा घरातील मुलाने पोथी हाती घ्यावी आणि पुढे एखादी सरकारी नोकरी पतकरावी, ही त्या काळची रीत. पण या मुलाचे मन पुस्तकांत रमेना. त्याला दोनच गोष्टींचे वेड होते : चित्रे काढणे आणि यंत्रांची मोडतोड करून पुन्हा जोडणी करणे. शाळेच्या परीक्षांत मागे राहणारा मुलगा आयुष्याच्या परीक्षेतही मागेच राहील, असे समजणाऱ्यांनी हे चरित्र पुन्हा पुन्हा वाचावे.

थोरले बंधू रामुअण्णा यांनी आपल्या धाकट्या भावाचा कल ओळखला. त्यांच्या पाठिंब्यावर १८८५ च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईस गेले आणि जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले. तेथे त्यांच्यावर मोठाच प्रसंग गुदरला. आपल्याला काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, असे त्यांच्या ध्यानी आले. चित्रकाराच्या डोळ्यांत रंगांधत्व असावे, याहून क्रूर थट्टा ती कोणती? दुसरा एखादा तरुण दैवाला बोल लावीत गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र विचार केला, की रंग साथ देत नसले तरी रेषा साथ देत आहे. त्यांनी रंगीत चित्रे सोडून यंत्रांच्या रेखाचित्रांचा अभ्यास आरंभिला. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हाच विषय शिकविण्याची नोकरीही त्यांना मिळाली. आज मुंबईत जिला व्हीजेटीआय म्हणतात, तीच ही संस्था.

शिक्षकाच्या नोकरीत असताना ते केवळ फळ्यावर रेषा ओढून थांबले नाहीत. कामशाळेत कोणते यंत्र कसे चालते, त्यातील कोणता भाग आधी झिजतो, तो कसा बदलतात, हे सारे ते हाताने करून शिकले. परदेशी यंत्रविषयक मासिके मागवून ती बारकाईने वाचण्याची सवयही त्यांना लागली. याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल हे नवे वाहन दिसू लागले होते. लक्ष्मणराव ते चालविण्यास शिकले आणि त्यांनी बंधूंच्या साहाय्याने सायकलींचा व्यापार सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामुअण्णांनी बेळगावात त्या विकाव्यात, असा हा बंधुद्वयाचा उद्योग होता. १८८८ साली बेळगावात उघडलेले सायकलचे ते लहानसे दुकान म्हणजेच पुढच्या विशाल किर्लोस्कर उद्योगाचे बीज होय.

नोकरीत आपल्या कामाचे चीज होईल अशी लक्ष्मणरावांची अपेक्षा होती. पण बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. परकी सत्ता असलेल्या देशात असे घडणे नवे नव्हते. नवे होते ते लक्ष्मणरावांचे उत्तर. त्यांनी तक्रारअर्जांची भेंडोळी लिहीत न बसता राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. यापुढे कोणाची चाकरी करावयाची नाही, हा त्यांचा निश्चय कायमचा ठरला.

बेळगावात आल्यावर त्यांच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. सायकल ही तर श्रीमंतांची हौस. तिच्यावर कारखाना उभा राहणार नव्हता. आपल्या देशात ज्यांची संख्या सर्वांत मोठी, त्या शेतकऱ्यांना कोणती वस्तू हवी आहे, हे त्यांनी शोधावयास आरंभ केला. त्यातून पहिली वस्तू निघाली ती कडबा कापण्याचे यंत्र. ज्वारीचा कडबा गुरांपुढे तसाच टाकला, तर गुरे पाने व कोवळे शेंडे खातात आणि जाड बुडखे पायांखाली तुडवून वाया घालवितात. तोच कडबा बारीक कापून घातला तर सर्वच्या सर्व खपतो. एक चाक, त्यावर बसविलेली धारदार पाती आणि फिरविण्यासाठी एक मूठ, एवढेच ते साधे यंत्र. पण दुष्काळाच्या वर्षी त्यामुळे चाऱ्याची केवढी बचत होत असेल, याचा विचार करावा. परदेशी बनावटीचे असे यंत्र मिळत होते. तथापि त्याची किंमत सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची होती आणि एखादा भाग मोडला तर तो सातासमुद्रांपलीकडून मागवावा लागे. लक्ष्मणरावांनी ते येथेच बनविले.

यानंतर त्यांनी हाती घेतला लोखंडी नांगर. आपला पूर्वापारचा लाकडी नांगर जमीन उकरतो, पण उलथीत नाही. त्याच्या दोन तासांमध्ये न नांगरलेल्या मातीची पट्टी तशीच राहते आणि हरळी व कुंदा यांची मुळे सुखरूप राहतात. लोखंडी नांगराच्या फाळामागे एक वळणदार पत्रा असतो. फाळ माती कापतो आणि तो पत्रा कापलेली ढेप उचलून उलटी टाकतो. मुळे वर येतात, उन्हाने वाळतात आणि खालची माती मोकळी होते. काम चांगले होते याविषयी शंका नव्हती. शंका होती ती शेतकऱ्याच्या मनात. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते आणि पीक येत नाही, अशी समजूत त्या काळी दृढ होती. तिला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्याचे अवघे संसारसर्वस्व दोन-चार एकरांत साठविलेले असते, तो माणूस नव्या वस्तूला बिचकला तर त्यात नवल ते काय? प्रयोग फसला तर कारखानदाराचा एक नांगर जातो, शेतकऱ्याचे मात्र वर्ष जाते.

नांगर तयार झाले, पण घेणारा कोणी मिळेना. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दोन वर्षे! कारखान्यात माल पडून आहे, भट्टीचा आणि कारागिरांचा खर्च चालूच आहे, आणि ज्याच्यासाठी हे सारे मांडले तो शेतकरी पाठ फिरवून उभा आहे. अशा वेळी किंमत पाडण्यासाठी लोखंड हलके वापरावे, असा मोह कोणासही झाला असता. लक्ष्मणराव त्या मोहास बळी पडले नाहीत. वस्तू स्वस्त करावयाची ती तिचा कस कमी करून नव्हे, तर तिच्या बनावटीत साधेपणा आणून, ती जवळच्या जवळ घडवून आणि वाहतुकीचा व दलालीचा खर्च वाचवून, ही त्यांच्या उद्योगाची दिशा होती.

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे अवश्य आहे. नांगराचा सर्वांत झिजणारा भाग म्हणजे फाळ. तो मऊ लोखंडाचा केला तर चार दिवसांत बोथट होतो, आणि सबंध कठीण केला तर दगडावर आपटताच काचेसारखा तडकतो. यावर ओतकामातील एक युक्ती आहे. साच्याच्या ज्या बाजूस धार यावयाची, तेथे वाळूऐवजी लोखंडाचा थंड तुकडा बसवितात. वितळलेला रस त्याला स्पर्श करताच झटकन निवतो आणि तेवढा पृष्ठभाग अतिशय कठीण होतो. वाळूकडील बाजू सावकाश निवते, म्हणून ती त्या मानाने कमी ठिसूळ राहते. हत्यारांच्या विद्येचे सारे मर्म या एका उदाहरणात आहे. उत्तम हत्यार म्हणजे सर्वांगी कठीण हत्यार नव्हे. जेथे झीज होते तेथे कठीण आणि जेथे धक्का बसतो तेथे चिवट, असेच ते असावयास हवे. आपल्या लोहाराकडील पटाशीही याच न्यायाने घडते. तो तिची फक्त धारच पाणी देऊन कठीण करतो, दांड्याकडील भाग तसाच मऊ ठेवतो. आणि फाळ वेगळा काढून बदलता येत असला, म्हणजे झिजलेल्या टोकापायी सारा नांगर टाकून द्यावा लागत नाही. गरिबाच्या दृष्टीने ही सोय किमतीइतकीच मोलाची आहे.

हळूहळू काही धाडसी शेतकऱ्यांनी नांगर वापरून पाहिला. त्यांच्या शेतातील पीक शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि कोणत्याही जाहिरातीपेक्षा त्या पिकाने नांगराची शिफारस अधिक चांगली केली. उद्योगाचा जम बसू लागला. पण इतक्यात नवे संकट आले. १९१० च्या सुमारास बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. वर्षानुवर्षांच्या श्रमाने बसविलेली घडी मोडून कोठे जावे, हा प्रश्न पडला. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीस धावून आले. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे प्रसारक म्हणून ते सर्वश्रुत आहेत. औंधच्या देवालयाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांनी पूर्वी केले होते, तेव्हा त्यांची सचोटी आणि कसब ही या गुणज्ञ राजाने पारखून ठेवली होती. त्यांनी कर्जाऊ पैसा दिला आणि आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनजवळची सुमारे ३२ एकर जमीन कारखान्यासाठी दिली.

ती जमीन म्हणजे माळरान होते. चोहीकडे निवडुंगाचे रान आणि त्यात सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणरावांनी तेथे आपल्या वसाहतीचा आरंभ केला. बरोबर होते ते बेळगावहून आलेले मोजके सोबती आणि त्यांची कुटुंबे. प्रथम तात्पुरती छपरे, मग कारखाना, मग घरे, मग शाळा, झाडे आणि पाण्याची सोय, या क्रमाने त्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे रेल्वेच्या स्टेशनालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले. हे गाव आज महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यात आहे.

या वाडीत माणसांची पारख करण्याची रीत जगावेगळी होती. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर हे लक्ष्मणरावांचे प्रमुख सहकारी. यांपैकी फळणीकरांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते, तरी ते कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. ज्यांच्या नावावर पूर्वायुष्यात दरोडेखोरीचा कलंक होता, अशा माणसांच्या हाती लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या पहाऱ्याचे काम दिले आणि ती माणसे त्या विश्वासास जागली. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी मनाई केली होती. त्या काळात हे पाऊल उचलण्यास केवढे धैर्य लागले असेल, याची आज कल्पनाही करता येणार नाही. अवजाराची पारख जशी त्याच्या रंगावरून करावयाची नसते, तशीच माणसाची पारख त्याच्या जातीवरून किंवा प्रमाणपत्रावरून करावयाची नसते, हे त्यांनी आपल्या आचरणाने दाखवून दिले.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि परदेशातून येणारे लोखंड दुर्मीळ झाले. ज्या उद्योगाचा प्राणच लोखंड, तो आता बंद पडणार असे दिसू लागले. त्या वेळी कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांनी गडावरच्या जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. ज्या लोखंडाने एके काळी रणांगणावर आग ओकली, तेच आता शेताच्या काळ्या मातीत शिरून धान्य पिकवू लागले. यापेक्षा अधिक सुंदर रूपान्तर कोणत्या कवीस सुचले असते?

१९२० साली या उद्योगाचे मर्यादित कंपनीत रूपान्तर झाले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर नावाचे नियतकालिक सुरू केले. कारखान्याचे वृत्त देण्यासाठी जन्मलेले हे पत्र पुढे किर्लोस्कर मासिक या नावाने मराठी सुशिक्षितांच्या घराघरांत पोहोचले. कारखान्यातही नवनव्या वस्तू निघत राहिल्या. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाणी उपसण्याचे पंप, लोखंडी खुर्च्या व खाटा, आणि कामशाळांचा आधार असा लेथ. लेथ म्हणजे यंत्रांना जन्म देणारे यंत्र. तो देशात बनू लागला म्हणजे गावोगावच्या छोट्या कारखानदारास परदेशाचे तोंड पाहावे लागत नाही. १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रसाधने बनविण्याचा कारखाना निघाला. अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आलेले लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे पुण्यात १९४६ साली तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना उभारला. आपल्या मध्यप्रदेशातील देवास येथेही किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे.

येथे आपल्या माधवराव महाराजांची आठवण झाल्याविना राहत नाही. १८७६ साली जन्मलेले महाराज हे लक्ष्मणरावांचे समकालीन आणि यंत्रांचे तितकेच वेडे. दोन फूट रुंदीच्या रुळांवर धावणारी आपली छोटी रेल्वे त्यांच्या हौसेची आणि दूरदृष्टीची साक्ष देत एकविसाव्या शतकापर्यंत चालली. जयविलास प्रासादातील भोजनाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी तर आपण सर्वांनी पाहिलीच आहे. राजाने यंत्रावर प्रेम केले म्हणजे प्रजेला रेल्वे मिळते. एका शिक्षकाने तेच प्रेम केले म्हणजे शेतकऱ्याला नांगर मिळतो. देशाला दोन्हींची आवश्यकता असते. तथापि ज्याच्यामागे राज्य नव्हते, त्याची वाट अधिक खडतर होती, हे विसरून चालणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? प्रथम एक अगदी व्यवहारी धडा. हत्यार घेताना झगझगीत रंग आणि पेटीवरील चित्र यांना भुलू नये. हातोडी घ्यावयाची तर तिचा दांडा डोक्यात घट्ट बसला आहे की नाही आणि लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीला धरून आहेत की नाहीत, हे पाहावे. पकडीचे दोन्ही जबडे मिटून उजेडासमोर धरावेत. फट दिसली तर ती ठेवून द्यावी. कानस दातांची घ्यावी, नावाची घेऊ नये. जे हत्यार रोज लागते त्यावर दोन पैसे अधिक खर्चावेत, आणि जे वर्षातून एकदा लागते ते साधे घेतले किंवा शेजाऱ्याकडून मागून आणले तरी चालेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मोडल्यावर त्याचा भाग आपल्याच गावात मिळेल काय, हे दुकानदारास आधी विचारावे. आपल्या लक्ष्मणरावांनी नेमके हेच सारे शेतकऱ्याच्या वतीने आधीच पाहून ठेवले होते, म्हणून त्यांचा माल खपला.

दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. हाताने काम करणे हे कमीपणाचे, ही समजूत आपल्या समाजात फार दिवस घर करून बसली आहे. वेदान्त्याच्या घरात जन्मलेल्या एका मुलाने भट्टीपुढे घाम गाळला आणि त्यामुळे त्याच्या कुळाची कीर्ती उणी न होता शतपटीने वाढली. रंग न ओळखणारे डोळे, हुकलेली बढती, न विकले जाणारे नांगर, सुटलेली जागा, संपलेले लोखंड, अशी एकामागून एक संकटे त्यांच्यावर आली. प्रत्येक वेळी त्यांनी हातात उरलेल्या साधनांचा हिशेब केला आणि तेवढ्यावरच पुढचे काम सुरू केले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी इहलोकीची यात्रा संपविली. भारत सरकारने १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, टपालाचे तिकीट काढून त्यांचा गौरव केला. पण त्यांचे खरे स्मारक त्या तिकिटात नाही. एखाद्या गरीब कारागिराने पदरचे मोजके पैसे देऊन हत्यार विकत घ्यावे आणि ते त्याच्या मुलाच्याही हाती तितकेच इमानाने चालावे, असे जेथे जेथे घडते तेथे तेथे ते उभे आहे. आपल्यापैकी जे कोणी पुढे कारखान्यात, कामशाळेत किंवा शेतात उतरतील, त्यांनी आपल्या हातून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूला हीच कसोटी लावावी.